बियाचा टमाटर

बाबा, तुमचा टमाटर संपला. सांगायचं ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या आगेमागे. दहा दिवस झाले, मिहानच्या बसमध्ये कामावर जाता-येता मी हे पत्र मनातल्या मनात लिहिते आणि घरी पोचले की आईच्या औषधात, जेवणात, आंघोळीत ते विसरून जाते. आज रविवार. आई जेवून झोपली आहे, कूलरचा अजून सीझन नाही म्हणून घर शांत आहे, तेव्हा बसले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, एवढ्या वर्षांत कधी लिहिलं नाही. सांगण्यासारखं जे होतं ते परसात उभं असायचं, आणि तुम्ही ते कुठून तरी बघत असाल असं मी धरून चालले होते.

तुमच्या कंपनीतल्या बागेच्या माळ्यानं ते बी तुम्हाला दिलं होतं, हे मी तुमच्याकडून शंभरदा ऐकलंय. पहिली पाळी सुटल्यावर गेटपाशी त्यानं तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पन्नीत बांधलेल्या सात बिया तुमच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, "एका हातात मावत नाही साहेब, असा टमाटर होते." फिटरला साहेब म्हणणारा तो एकटाच, म्हणून तुम्ही त्याचं ऐकलं असं आई म्हणायची. त्या दिवसापासून आपलं परस तुमचं झालं. आईची तुळस, मोगरा, धुणं वाळवायची तार, सगळं हळूहळू भिंतीला सरकलं. शेणखत, गोमूत्र, गूळ, बेसन घालून केलेल्या जीवामृताचा ड्रम न्हाणीघराच्या दाराशी आला आणि त्याच्या वासासकट तिथंच राहिला. युरियाचं नाव काढलं की तुम्ही तोंड असं करायचा की जणू घरात कुणी दारू आणली आहे. करपा आला तर आंबट ताक, मावा आला तर निंबोळीचा अर्क. आम्हाला खोकला झाला तर मात्र सरळ डॉक्टर.

दीक्षाभूमीला आलेले पाहुणे गेले, गाद्या उन्हात पडल्या, की दुसऱ्या दिवशी रोपं लावायची हा तुमचा नेम. झाडं चारच. फुलं आली की पंधरा दिवस तुम्ही रोज सकाळी ड्युटीआधी बॅटरी घेऊन फिरता आहात आणि एकेक फूल, एकेक बगलेतला फुटवा खुडता आहात, हे मला आत्ताही दिसतं. एका झाडाला एकच फळ. चारांतलं जे सरस, त्याच्या देठाला लाल दोरा. तो बियाचा टमाटर, त्याला हात लावायचा नाही. थंडीतल्या भाजीपाल्याच्या प्रदर्शनात तो जायचा, जेवणाच्या डब्यात कापूस घालून, आणि जाताना किराणा दुकानाच्या काट्यावर चढायचा. दुसरा नंबर तीनदा आला, पहिला कधीच नाही. परत आला की वाटीत पिळून तीन दिवस आंबवायचा, फेस आला की बी धुऊन वर्तमानपत्रावर वाळवायचं, राखेसोबत बाटलीत भरायचं. उरलेली तीन फळं तुम्ही कंपनीत वाटायचा. घरात टमाटरची इतकी धामधूम, आणि आई भाजीला टमाटर बाजारातून आणायची! यात काही चुकतंय असं तुम्हाला कधी वाटलं नाही.

उन्हाळ्यात टरबुजांची पाळी. तुमचे मामा कन्हान नदीच्या रेतीत वाडी करायचे, ती विद्या तुम्ही घरी आणली. जागा नाही म्हणून वेल मांडवावर, आणि फळ जड झालं की आईच्या जुन्या लुगड्याची झोळी करून त्यात ते टांगायचं. आई म्हणायची, "पोरं झाली तवा झोळी बांधाले याईले वेळ नोयता." टरबूज खायला तरी मिळायचं, पण बी गिळायचं नाही. प्रत्येकाच्या ताटात बिया थुंकायच्या आणि शेवटी तुम्ही सगळी ताटं गोळा करायचा, पाहुण्यांचीसुद्धा. रामटेकची आत्या एकदा म्हणाली होती, "दादा, पोटात गेली असंन एखादी, थांबू काय उद्यापर्यंत?" तुम्ही सोडून सगळे हसले होते. टरबुजाचं वाण तुमच्यामागे दोनच उन्हाळे टिकलं. मी दिवसभर कामावर, हिरवी जाळी वादळात फाटली, वेल वाळला. तेव्हा रडले नाही, टमाटर आहे ना, म्हटलं.

मी अकरा वर्षांची असतानाचा तो दिवस तुम्हाला आठवत असणार. पहिल्या पाळीहून तुम्ही आलात, सायकल भिंतीला लावली आणि परसात गेलात. दोरा झाडाखाली पडला होता. तुम्ही आत आलात, तवा चुलीवर, आई पोळी लाटते आहे, मी पाटावर पुस्तक घेऊन. ओट्यावर विळी, विळीला लाल पाणी. "कोनं कापला?" तुम्ही ओरडला नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली. आईचं लाटणं थांबलं. मी म्हटलं, "मी." तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात. "काहून वं? तुले समजत नाही काय? एक वर्ष खाल्लं तू माझं." मागच्या वर्षीचं थोडं बी बाटलीत होतं म्हणून वाण वाचलं, पण त्या हंगामात तुम्ही मला परसात येऊ दिलं नाही. मी खिडकीतून बघायची. मार दिला असता तर एका दिवसात संपलं असतं.

मग पुढच्या दसऱ्यानंतर तुम्ही हाक मारलीत. फुटक्या बादलीत एक रोप लावून ठेवलं होतं. "हे तुझं. आता राख." दादाला तुम्ही कधी रोप दिलं नाही, मागितलंही नाही त्यानं, तो सुखानं पुण्याला गेला. मी राखत राहिले. लोक म्हणायचे पोरीला बापाचा नाद लागला. नाद कसला, बाबा. मला तुमच्या नजरेत परत चांगलं व्हायचं होतं. होता होता मला खुडणं जमायला लागलं, पान उलटून मावा ओळखता यायला लागला, आणि तुम्ही गेलात त्या जानेवारीत झाडाला तुमच्या हातचा दोरा होता. बैठकीत माणसं बसली होती, आई भिंतीला टेकून होती, आणि मी मागे नळाखाली बी धूत होते. कुणीतरी म्हणालंही, "हे काय करून राहिली ही?" कुणाला सांगू, बी आंबत घालून तीन दिवस झाले होते, चौथ्या दिवशी बी सडतं.

त्यानंतर अकरा हंगाम. शेण स्कूटरवर पायाशी ठेवून आणायचं, ड्रम ढवळायचा, मग अंग धुऊन स्टोअरमध्ये आठ तास उभं राहून माल उतरवून घ्यायचा. माझी कंबर गेली. आई आधी नावं विसरली, मग गॅस, मग मी कोण ते. शेजारच्या काकू दिवसा तिच्यापाशी बसतात म्हणून नोकरी चालू आहे. खरं सांगते, परसाचा मला कंटाळा आला होता. पहाटे उठून फुलं खुडताना कितीदा वाटायचं, येऊ दे ना आठ-दहा, छोटे छोटे, खाऊ आम्ही दोघी. पण हात खुडतच राहायचा. गेल्या वर्षी चारही झाडांची पानं आकसली, एक फळ धरलं नाही. बाटलीत जुनं बी उरलं होतं, नऊ दाणे. ते सगळे यंदा लावले. तीन उगवले, दोन कोलमडले, एक राहिलं.

त्या एकाला मी कसं जपलं ते तुम्हाला कळेल, दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटते. रजा घेऊन ताक फवारलं. फळ आंब्याएवढं झालं तेव्हा दोरा बांधला, आणि ते वाढतच गेलं, तुमच्या दुसऱ्या नंबरच्या फळांपेक्षाही मोठं, खांद्याशी घड्या पडलेलं. मी त्याच्या खाली झोळी बांधली. आणखी दोन दिवस पिकू द्यायचं आणि वाटीत पिळायचं असं ठरवलं होतं. वाटीसुद्धा काढून ठेवली होती.

गेल्या आठवड्यातल्या बुधवारी घरी आले तर काकू दारातच भेटल्या. औषध आणायला पाच मिनिटं गेल्या होत्या, बिचाऱ्या. आत भाजल्याचा वास. तव्यावर अर्धा टमाटर काळा झालेला, हिरव्या सांबाराची जुडी चिरलेली, मिरच्या ठेचलेल्या. किती महिन्यांनी आईनं सुरी धरली होती, बोट कापलं नव्हतं, गॅसही तिनंच बंद केला होता. उरलेला अर्धा ताटात, कच्चा, बियांनी भरलेला, आणि लाल दोरा तिच्या मनगटाला गुंडाळलेला. मला आनंद व्हायला हवा होता. मी दारात उभी राहून म्हटलं, "कोनं कापला?"

बाबा, तो आवाज माझा नव्हता. आईनं वर पाहिलं आणि पदर सावरला, तुमच्यासमोर सावरायची तसा. म्हणाली, "मी नाही कापला जी. पोरीनं कापला." मग थोडं थांबून, "तिले बोलू नका. लहान आहे."

चाळीस वर्षं होत आली, बाबा. तेव्हाही तिनंच कापला होता. मी शाळेतून आले तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून मीठ लावून खात होती, आणि मला एक फोड देत म्हणाली होती, "एवढं याईनं पोसलं, पाहू तरी कसा लागते. तुह्या बाबाले सांगू नको." तुम्ही विचारलंत तेव्हा तिचं लाटणं थांबलं आणि मला कळलं की ती काही बोलणार नाही. म्हणून मी बोलले. तिचा रागही आला, पुढं कितीतरी वर्षं येत राहिला. तिनं कधी विषय काढला नाही. मला वाटायचं विसरली. सगळं विसरली आणि हे तेवढं राहिलं.

वाटी ओट्यावरच होती. ताटातल्या अर्ध्यात शंभरेक बिया असतील, पिळल्या असत्या तर वाण वाचलं असतं. मी वाटी उचलली. आईनं माझा हात धरून मला खाली बसवलं, आता मी पुन्हा पोर झाले होते. फोडी केल्या, मीठ लावलं, म्हणाली, "पटकन खाऊन घे वं. तुहे बाबा येऊन राहिले ड्युटीवरून." मी खाल्लं. बियांसकट, एकही न थुंकता, आम्ही दोघींनी ताट पुसून खाल्लं. मी फार थकले होते बाबा, आणि खाताना मला हलकं वाटत होतं, ते लपवत नाही.

टमाटर पाणचट होता. आंबट नाही, गोड नाही, नुसता गर. आईनं शेवटची फोड चावली, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. "तवाबी असाच होता," ती म्हणाली. "तुह्या बाबाले सांगू नको." मी म्हटलं, नाही सांगत.