सैल बांधलेलं नख

सान्वी,

माझ्यासारखा कॉलेज अर्धवट सोडलेला नवरा नको, म्हणून तू समरकडे गेलीस. तरी तुमच्या चिनी ऑर्केस्ट्राच्या मँचेस्टरच्या कॉन्सर्टआधी पिपा हे तंतुवाद्य वाजवायची खोटी नखं माझ्यापुढेच धरलीस.

"नकुल, तूच बांध रे. समर टेप लावतो की प्लास्टर, कळत नाही."

अंगठ्याचं नख मी मुद्दाम सैल बांधलं. भर वादनात ते उडालं. तू रक्ताळलेल्या अंगठ्याने तारा छेडत राहिलीस आणि गोरे लोक टाळ्या वाजवत उभे राहिले.

नंतर मलाच म्हणालीस, "सॉरी, माझ्याच हाताला घाम आला होता."

हे पत्र पाठवलं, तर परवा लंडनला तू हात पुढे करणार नाहीस. म्हणून पाठवत नाही. या वेळी पाचही नखं सैल बांधायची आहेत.

तुझी वाट बघणारा,
नकुल