चाकवत ठेवला, गाजर उपटलं

लालबाग, मुंबई
जूनचा पहिला आठवडा

प्रिय श्रेया,

तुझ्या फोटोला मी फोनवर "हो, चाकवतच" एवढंच उत्तर दिलं, कारण एका बोटाने त्याहून जास्त टाइप करायला बसले तर कुकर लावायचा राहतो. त्यावर तू पाठवलेला लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, पुन्हा ऐकला, आणि मनात इतके प्रश्न साठले की शेवटी खाली जाऊन फुलस्केप कागद आणले. विहंग ऑफिसला गेलाय, तुझे सासरे मंडळाच्या ऑफिसात पेपर वाचत बसलेत, तेव्हा आता निवांत लिहिते. टपालाने टाकलेलं पत्र पोर्तुगालच्या त्या डोंगरावर किती दिवसांत पोचतं, याचीही उत्सुकता आहेच. घरात मला चौकशीची खिडकी म्हणतात ते काही उगाच नाही.

आधी हसून घेते. तू जिच्या शेतावर राहतेस त्या आमेलियाबाईंनी तुला वाफा निंदायला सांगितला, आणि तू त्यांची गाजराची कोवळी रोपं गवत समजून उपटलीस. गाजरात माजलेलं तण, म्हणजे आपला चाकवत, तो मात्र ओळीने जपून ठेवलास आणि वर त्याला पाणी घातलंस. दादरच्या पोरीला गाजर कसं ओळखू येणार, आपल्याकडे ते पाला कापूनच बाजारात येतं. चाकवत ओळखलास तो माझ्यामुळे. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी मार्केटात एकेक जुडी तुझ्या हातात द्यायचे, आणि तू मेथी-पालकाच्या पुढे जायची नाहीस. तेव्हा त्या बाईंच्या नुकसानीत अर्धा वाटा माझा आहे, असं त्यांना सांग. पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तू आणि विहंगने वेगळं व्हायचं ठरवलंत, विहंग सामान घेऊन आमच्या खोलीत परत आला, तू मार्चमध्ये निघून गेलीस, आणि तेव्हापासून आपल्या दोघींत अक्षर नाही. मी फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. त्याच्याशी तुटलं तशी मीही तुटले असेन, असं धरून चालले होते. आणि गेल्या महिन्यात एका सकाळी पानाचा फोटो, खाली "आई, हा चाकवतच ना?" तुझी स्वतःची आई दादरला आहे. पानं ओळखून देणारं काहीतरी फोनमध्येच असतं म्हणे. तरी तू मला विचारलंस. मला रडू आलं, आणि शेजारच्या कौसल्याबाई नेमक्या तेव्हाच विरजण मागायला आल्या.

त्यांना सगळं सांगावं लागलं. त्यांचं मत असं, की तुला कुठल्या तरी एजंटने फसवलंय आणि राहण्या-जेवणाच्या बदल्यात फुकट राबवून घेतायत. मी म्हटलं, अहो, ती स्वतःहून गेलीय, दिवसाला पाच तास काम, रविवारी सुट्टी, खताच्या गोणीशिवाय शेती कशी करतात ते शिकायला जगभरची पोरं अशी जातात. तर म्हणाल्या, "रविवारी सुट्टी तर आमच्या मिलमधे पण होती." तुझ्या सासऱ्यांचं तर विचारूच नकोस. आले तसे पहिलं वाक्य, "आमी चिखलातसून सुटाक मुंबयत इलंव, नि ह्यां चेडू इमानात बसान चिखलात गेलां." चेडू म्हणजे तू, त्यांची पोर. पण रोज रात्री तिकडचं हवामान फोनवर बघतात आणि आज तिथे पाऊस आहे असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुटपुटतात.

आता माझे प्रश्न. तुमच्या बाई जमीन नांगरत नाहीत, वर पेंढा अंथरतात आणि त्यातच भोक पाडून रोप लावतात, असं तू म्हणालीस. मग पेंढ्याखाली उंदीर होत नाहीत का? आमच्याकडे पावसाआधी शेण आणि पाला पसरून जमीन भाजायचे, भाजवळ म्हणायचे त्याला, आणि त्यात भाताचं रोप असं तरारून यायचं. हे त्यांना सांगितलं तर त्या मला मूर्ख समजतील का? शेळ्यांना नावं आहेत, मग त्यांचं पुढे काय करतात, की नाव ठेवलेली शेळी कोणी खात नाही? आणि तो भुशाचा संडास. पाणी न ओतता नुसता भुसा टाकला तरी वास येत नाही, हे मी चाळीत कुणालाही सांगितलं तरी पटत नाही, आणि कॉमन संडासात जन्म काढलेली ही माणसं आहेत, त्यांना या विषयात गती आहे. बाईंचा मुलगा दूर शहरात असतो आणि नाताळलाच येतो म्हणालीस. मग तू यायच्या आधी त्या जेवताना कोणाशी बोलायच्या? तुमची भाषा एक नाही, तरी एवढं हसता कशावर? गेल्या वर्षीचे सुकवलेले चेस्टनट त्यांनी उकडून दिले आणि ते फणसाच्या आठळीसारखे लागले, हे ऐकून तर मला कधी एकदा चव घेते असं झालं.

पण सगळ्यात मोठा प्रश्न हा, की तुला त्यातून मिळतं काय? हा टोमणा नाही. माझं माहेर कणकवलीजवळचं. शाळा सुटली तेव्हापासून लग्न होईपर्यंत दर पावसाळ्यात मी भाताची लावणी केली. डोक्यावर इरलं, दिवसभर कमरेतून वाकलेली, पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या, रात्री त्यांची आग होऊन झोप नाही. मुंबईचं स्थळ आलं तेव्हा मुलगा काय करतो हे मी विचारलंच नाही, आता बोल. खोलीला फरशी आहे का, एवढंच विचारलं. फरशी होती. पुन्हा शेतात पाय घालायचा नाही असं मी तेव्हा ठरवलं आणि पाळलं, गावी गेले तरी मे महिन्यातच. आणि तू चांगली नोकरी सोडून तेच करायला समुद्रापार गेलीस. तुझ्या त्या मेसेजमधलं एक वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. बाई रोज सकाळी कॉफी देताना विचारतात, आज काय करावंसं वाटतंय, आणि पाठ दुखत असेल तर नाही म्हटलेलं चालतं. श्रेया, मला कधी कोणी विचारलं नाही. ना लावणीला, ना इथे पाहुण्यांच्या पंगती वाढताना. तोच चिखल, पण नाही म्हणायची सोय असताना तो हाताला कसा लागत असेल? मी खूप विचार केला, मला कळत नाही. कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

तुला हसता हसता लक्षात आलं, की जमिनीतलं गाजर मीसुद्धा पाहिलेलं नाही. कोकणात कुठलं आलंय गाजर. मग भायखळ्याहून बी आणलं आणि गॅलरीत थर्माकोलच्या खोक्यात पेरलं. बडीशेपेच्या रोपासारखी नाजूक पानं आली. तू गवत समजलीस त्यात नवल नाही. एका सकाळी विहंग तोंडात ब्रश धरून त्या खोक्याकडे बघत उभा राहिला. हे काय म्हणाला. गाजर, म्हटलं, श्रेयाने उपटलं ते. आणि सगळा किस्सा सांगितला. तो इतका हसला की बेसिनकडे पळावं लागलं. तुझं नाव निघाल्यावर त्याला हसताना मी कित्येक महिन्यांनी पाहिलं. तोंड पुसत म्हणाला, "आई, बोल की तिच्याशी. मला काय प्रॉब्लेम नाय. लपूनछपून कशाला करतेस?" तुमचं काय बिनसलं ते मी त्याला विचारलेलं नाही, तुलाही विचारणार नाही. विचारावंसं वाटत नाही असं नाही, खोटं कशाला बोलू. पण आयुष्यात एवढी एक चौकशी मी गिळली आहे, त्याबद्दल दोघांनी मिळून माझं कौतुक करायला हवं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. चेस्टनट पडेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत थांब, असं बाईंनी तुला म्हटलंय. मलाही तेव्हा तिथे यायचंय, महिनाभर, काम करायला. पासपोर्ट दुबईच्या सहलीसाठी काढलेला आहे, त्यावर अजून एक शिक्का नाही. व्हिसाचं विहंग बघतो म्हणालाय. तुझ्या सासऱ्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग स्वेटर कुठे ठेवलेत ते विचारलं. माझ्या वयाच्या बाईला त्या ठेवून घेतील का, हे तू विचारशीलच. पण त्या तुला विचारतील, ही तुझी कोण? दिवाळीपर्यंत तुमचे कोर्टाचे कागद होतील. वकिलाने तुला विचारलं, विहंगला विचारलं, फ्लॅटचं आणि गाडीचं काय करायचं तेही विचारलं. तुझं-माझं काय करायचं हे कुणाला सुचलंच नाही. तुम्ही एकमेकांना सोडताय ते सोडा, मला तुला सोडायचं नाही. मात्र हे माझ्या एकटीच्या हट्टाने व्हायचं नाही. तुला नको असेन तर सरळ तसं कळव. मला वाईट वाटेल, खूप वाटेल, पण मी तुला दोष देणार नाही. आणि हवी असेन, तर त्या बाईंना माझी ओळख काय म्हणून करून देशील, तेवढं एका ओळीत लिही. ते वाचल्यावरच मी तिकीट काढेन.

तुझीच,
आई