रुळाला डोळा लावून

बाबा, आज नववीच्या वर्गात सरळ रेषा शिकवली. तिला जाडी नसते, दोन्हीकडे टोक नसतं, असं फळ्यावर लिहिलं तर एका पोरीनं विचारलं, "मॅडम, किसी ने देखी है?" मी नाही म्हणाले, आणि तुमची आठवण येऊन खडू हातातच राहिला.

घरात हा शब्द किती स्वस्त होता. सरळ बस, शाळेतून सरळ घरी ये. रेल्वे गँगचे मुकादम म्हणजे सरळ माणूस, असं आपली सगळी गुढियारी वस्ती तुमच्याबद्दल म्हणायची. तुम्ही मात्र तो शब्द जपून वापरायचात. भनपुरीकडच्या लाइनवर तुम्ही गुडघे टेकून रुळाला डोळा लावता, तीस पावलांवर गँगची माणसं रुळाखाली सब्बल, म्हणजे पहारी, अडकवून उभी असतात, तुमचा हात हलतो तसा रूळ केसभर सरकतो. पुन्हा बघता, पुन्हा केसभर. मग कुठे, "हव, आता सरळ." ना सूत्र, ना कागद. गणितात एवढी वर्षं घालवून मला अजून कळलेलं नाही, ती रेषा तुमच्या डोळ्यात आली कुठून. मी नुसती थक्क होते.

दहावी झाली होती. जवळच्या शाळेत आर्ट्सच होतं, म्हणून मला तिथे घालायचं ठरलं होतं. मला गणित हवं होतं, पण मागायची हिंमत नव्हती. त्या दिवशी लाइनवर तुमचा डबा घेऊन आले तर तुम्ही म्हणालात, "ये, वाकून पाह्य. रुळात वाक दिसते काय तुले?" तापलेलं लोखंड, पलीकडे थरथरणारं ऊन.

"हव बाबा, दिसते."

"कोनीकडे?"

"डावीकडे."

बरोबर निघालं. तुम्ही ओरडलात, "पोट्टीले दिसलं रे! इले गणितच शिकवतो मी." घरी आईनं काहून म्हणून विचारलं, तिलाही तेवढंच उत्तर.

मला काही दिसलं नव्हतं, बाबा. अंदाजानं ठोकून दिलं होतं. परवा रेल्वे फाटकापाशी वाकून पाहिलं, रूळ मला सगळीकडे सारखाच दिसला. मागून एका भैयानं विचारलं, "दीदी, कुछ गिर गया क्या?"

हे पत्र वहीतच राहील. खरं सांगू, तुम्ही गेलात तिथला पत्ता असता तरी पाठवलं नसतं. त्या दिवसाइतकं खूश तुम्हाला मी नंतर कधीच पाहिलं नाही.