घरातली माणसे: दोन

धाकट्या बंधुराजांस,

थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझाही दुखतो, पण ऐकायला कुणी नसलं की तोही फार कुरकुरत नाही. तुझ्या बायकोला आणि मुलांना माझी आठवण सांग. (धाकटीला आधी मी कोण ते सांग, मग आठवण.)

लिहायचं कारण कोबी. गेल्या महिन्यात गारा पडल्या आणि दोन एकर कोबीची चाळण झाली. विमा नव्हता. का नव्हता, असं तू विचारशीलच (नको तिथे 'का' विचारायची तुझी खोड जुनी), म्हणून सांगते. विम्याचा एजंट आला होता. निम्मा फॉर्म भरून झाल्यावर म्हणाला, वारस कोण लिहू? मी ठणठणीत, कोबी ठणठणीत, आणि हा वारस विचारतो! हाकलला त्याला. आठ दिवसांत गारा. परवा बाजारात भेटला. भला माणूस, नुसता हसला.

मग कळलं, विमा नसलेल्या पिकालाही सरकार मदत देतंय. कचेरीत जाऊन अर्ज भरला. नाव, क्षेत्र, पीक, सगळं बरोबर. पुढे 'घरातली माणसे' असा रकाना होता, तिथे मी 'दोन' लिहून बसले. खोटं म्हणून नाही रे, हाताला सवय. तू शहरात गेलास त्याला एकोणीस वर्षं झाली, पण हाताला कुणी कळवलंच नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

पाहणीला अधिकारी आला. पोरगेलासा, नवे बूट घालून. वाफ्यात शिरला आणि एक बूट चिखलातच राहिला. मी तो उपसला, धुतला, चुलीपाशी वाळत ठेवला. दोन तास लागले. तेवढ्यात मी त्याला तुला विंचू चावल्यापासून छपराच्या गळतीपर्यंत सगळं सांगितलं. तो हो-हो करत होता. (एका बुटात पळणार कुठे?) बूट केव्हाच वाळला होता, मीच अजून ओला आहे म्हणत राहिले. शेवटी त्याने विचारलं, दुसरं माणूस कुठे आहे? म्हटलं, बाहेर गेलंय. त्याने फळीवरची एकुलती कपबशी पाहिली, दोरीवरचा एकुलता टॉवेल पाहिला आणि लिहिलं: दुसरी व्यक्ती समक्ष आढळली नाही.

तेव्हापासून अर्ज अडकलाय. येत्या गुरुवारी फेरतपासणी. मदत आल्याशिवाय नवी रोपं आणता येत नाहीत, आणि शेतात कोबी असा सडलाय की शेजारीणही हल्ली कुंपणावरून बोलायला थांबत नाही. तेव्हा गुरुवारी ये. एकच दिवस. बनियनवर ओसरीत बस आणि नेहमीचाच असल्यासारखा माझ्यावर खेकस. तुझी खाट उन्हात टाकून ठेवली आहे.

तुझी,
ताई

ता. क. सकाळची बस पकड. दुपारची आलीच तर येते.

आणखी एक. लपवणार होते, पण तुझ्यापासून लपवणं कधी जमलं नाही. मदत एकरावर ठरते, माणसांवर नाही. कारकून कालच म्हणाला, "ताई, दोन खोडा, एक लिहा, बाजूला सही करा. आजच पुढे पाठवतो." पेनही दिलं. मी ते बराच वेळ धरून उभी राहिले, मागे रांग खोळंबली, आणि मग परत दिलं. मला नाही लिहवलं रे.