औशाचा पेंटर

लातूर, रविवार, संध्याकाळ

स्वयंपाकघरातली कपाटं मीच रंगवली. फोडणीचा चिकटा धुतला, पॉलिश पेपर मारला, प्रायमर वाळल्यावर रोलरने रंगाचे दोन हात दिले. ब्रशची एकही रेघ सापडत नाही. शेजारच्या वहिनी दारावरून हात फिरवत म्हणाल्या, "लई गुळगुळीत हाय की! कोणी केलं?"

आमचे हे चटकन बोलले, "औशाचा पेंटर हाय एक."

बायकोनं रंगवलं, हे सांगायला कसली लाज? खोटं बोलताना जीभ बरी चालली!

"मग नंबर द्या की त्याचा."

हे खिशात फोन चाचपायला लागले. मी म्हटलं, "तुमच्या फोनमध्ये हायच की वहिनी, माझ्या नावानं."

वहिनी हसल्या, हे नाहीत. त्यांनी लगेच मलाच काम दिलं; उद्या मी त्यांची कपाटं घासायला जाणार. दुपारचा डबा यांनीच आणून द्यायचा.