डाव्या डोळ्यासाठी प्रार्थना

४ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

समोर आलास तर माझ्या हातात कात्री असेल, म्हणून पत्र लिहिते आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि जूनमध्ये ऑपरेशन आहे, हे मी तुला एकट्याला सांगितलं होतं. रविवारी तू चर्चमध्ये उभा राहून सगळ्या मंडळीसमोर ते देवाला सांगितलंस. वर, चर्चसमोर शिवणकाम करणारी माझी थोरली बहीण, असा पत्ताही दिलास. देवाला माझं दुकान माहीत नाही का रे?

सोमवारी मुख्याध्यापिकाबाई गणवेशाचं कापड उचलून घेऊन गेल्या. काल नवरीची आई आली आणि लग्नाचा अर्धा शिवलेला झगा मशीनवरून काढून नेला. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, की ती रोज माझ्यासाठी प्रार्थना करते. सगळेच करतात. कापड मात्र कोणी देत नाही. उजव्या डोळ्यानं मी अजून सरळ टीप मारते, पण ते कोणाकोणाला पटवून देऊ? दुकान बंद पडलं तर मी खाऊ काय?

बायकोला आशीर्वाद. लोभ आहेच, पण सध्या घडी घालून ठेवला आहे.

ताई

७ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं, आणि रागही आला. मी चहाडी केली नाही, प्रार्थना केली. बहिणीच्या डोळ्यासाठी मंडळीनं एकदिलानं मागावं, यात माझं काय चुकलं? तुला लहानपणापासून सगळं झाकून ठेवायची खोडच आहे. दिवसभर शाळेची बस चालवून संध्याकाळी तुझ्यासाठी गुडघे टेकतो, त्याचं हे फळ.

लोभ असावा, घडी घातलेला चालेल.

धाकटा

९ मार्च

धाकट्या,

या वेळी आशीर्वाद वगैरे काही नाही.

झाकून ठेवायची खोड म्हणतोस, तर ऐक. बारा वर्षांपूर्वी तू प्यायचास. तुझी बायको माझ्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर बसून रडली. त्या दिवसापासून रोज सकाळी मशीनला तेल घालताना मी तुझं नाव घेते. तीन वर्षांनी तुझी दारू सुटली. चर्चच्या पाळकांनासुद्धा मी एक शब्द सांगितला नाही. सांगितला असता तर आज कोणत्या आईनं तुझ्या बसमध्ये मूल बसवलं असतं? दुसऱ्यासाठी मागायचं, तर त्याची लाज आपल्या पोटात ठेवावी लागते. तुझ्या पोटात काही राहत नाही.

ताई

१७ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

रविवारी पुन्हा उभा राहिलो. तुझ्यासाठी काही मागितलं नाही. माझं सांगितलं, दारूचं, सगळं. मग म्हणालो की जिनं बारा वर्षं हे पोटात ठेवलं, तिचं काम माझ्या तोंडामुळे गेलं. आमेन मीच म्हणालो आणि खाली बसलो.

काल बसमध्ये सात मुलं कमी होती. आज नऊ. तुझा राग बरोबर होता.

लोभ मागायला तोंड नाही.

धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

शहाणाच आहेस. कापड परत नेणाऱ्या त्या दोघींच्या घरी जाऊन चूक कबूल केली असतीस तरी पुरलं असतं. पण तुला सगळी मंडळी लागते. नवरीची आई काल झगा परत घेऊन आली, मान खाली घालून. घेर अजून दुमडायचा आहे.

राग माझा गेलेला नाही. आता तो त्या नऊ मुलांच्या आयांवर आहे. सोमवारी सकाळी चर्चच्या कोपऱ्यावर, जिथे त्या सगळ्या उभ्या असतात, तिथे बस थांबव. मी तुझ्या मागच्या पहिल्या सीटवर, खिडकीशी बसणार. ती नऊ पोरं परत येईपर्यंत रोज. घेराची हातशिलाई तिथेच करीन. मला किती दिसतं आणि तू कशी चालवतोस, दोन्ही त्यांना एकदमच बघू दे.

प्रार्थना घरून करून निघेन. तू गाडी जपून चालव, माझ्या हातात सुई असेल.

तुझी ताई