रंगाप्रमाणे लावलेल्या चिठ्ठ्या

प्रिय चिमणे,

बोलतेय मी, तुझी आजी, लिहितेय तुझी आई. अक्षर गोड दिसलं तर तिचं, बोलणं तिखट लागलं तर माझं. तिला बजावलंय, मी म्हणेन ते जसंच्या तसं उतरवायचं, मध्ये आपलं शहाणपण घालायचं नाही.

सुट्टीत तू ती कादंबरी मोठ्याने वाचायचीस तेव्हा बरं चाललं होतं. त्यातल्या सासऱ्याला मी शिव्या घालायची आणि तू हसत त्याही टिपून घ्यायचीस. मग निबंधासाठी एकेका पात्राच्या चिठ्ठ्यांचे ढीग लागले. नवऱ्याचा खिडकीपाशी, बायकोचा पलंगावर, सासरेबुवा खुर्चीत. घरच्या माणसांना पाय ठेवायला जागा नाही.

निघायच्या दिवशी तू मैत्रिणीला भेटायला गेलीस, तुझी आई कामावर. मी तुझ्या खोलीत शिरले. जन्म गेला शिंप्याच्या दुकानात रिळं लावण्यात; लाल लालात, हिरवं हिरव्यात. तुझ्या चिठ्ठ्याही लाल, हिरव्या शाईच्या. म्हटलं, एवढी शिकलेली पोर, एवढंही सुचू नये? रंगाप्रमाणे गठ्ठे बांधले आणि स्वतःवरच खूश झाले. तू धावतपळत आलीस, गाडी चुकेल म्हणत गठ्ठे पिशवीत कोंबलेस आणि गेलीस.

हिरवी शाई म्हणजे पुस्तकातली वाक्यं, लाल म्हणजे तुझी मतं, आणि वाक्य कोणाचं ते फक्त ढिगावरून कळायचं, हे मला फार उशिरा समजलं. निबंधात सासऱ्याचे टोमणे तू अंदाजाने सुनेच्या तोंडी घातलेस, बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं, सगळे हसले. फोनवर तू आईला नाही नाही ते बोललीस. आता घरी पाऊल ठेवणार नाही म्हणालीस. ती बिचारी म्हणाली, झाडताना माझ्याकडूनच झालं असेल गं, चुकलं माझं. मी शेजारीच बसले होते, मूग गिळून. आजीला काय कळतंय, हे तुझ्या तोंडून ऐकायची लाज वाटली. त्या लाजेपायी तिला बोलणी खाऊ दिली, याची आता त्याहून जास्त वाटते.

आत्ता तुझ्या आईचा पेन थांबलाय. ती माझ्याकडे बघतेय आणि मला मान वर करवत नाही. तिला वेगळं सांगायचं माझं धाडस होत नव्हतं, म्हणून हे पत्र तिच्याच हातून लिहवून घेतलं. म्हटलं, थांबू नकोस, हेही लिही. चिमणे, माझ्यावर हवं तेवढं रागव. पण आधी फोन कर, आणि माझ्याशी नको, तिच्याशी बोल.

तुझीच, तोंड लपवून बसलेली,
आजी